मॅन्डुका आणि मंडूक: काही नातं?

चौकस: टोमॅटोवरच्या अमेरिकन किडीबद्दल वाचताना 'मॅन्डुका सेक्स्टा' हे एका पतंगाचं शास्त्रीय नाव आलं. हा आपला मंडूकच का? पतंगाला बेडूक कोण म्हणेल! आणि मॅन्डुकाला प्रजाती म्हणायचं की जाती?

अनुस्वार: मंडूकाशी काही संबंध नाही, नुसता कानाचा चकवा. लॅटिनमध्ये 'मांडुकारे' म्हणजे चावणे, चघळणे. फ्रेंचमधलं जेवण्याचं 'मांजे' त्याचंच वंशज. जुन्या रोमन प्रहसनांत जबडा वाजवत फिरणारं 'मांडुकुस' नावाचं खादाड सोंगही असे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ ह्यूब्नरने १८०७ मध्ये दिलेलं हे नाव अळीला चपखल बसतं. अंड्यातून निघाल्यापासून तीनेक आठवड्यांत तिचं वजन सुमारे १०,००० पट होतं, आणि तंबाखूची पानं फस्त करूनही निकोटिन तिला बाधत नाही. पतंगाला मात्र चावायला जबडाच नाही, लांब सोंडेने तो मध पितो. लेकराच्या खादाडपणाचं नाव आईबापांनी मिरवायचं!

जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट, आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो. मॅन्डुका ही प्रजाती, मॅन्डुका सेक्स्टा ही जाती.

चौकस: आभार. सेक्स्टाचं काय? आणि या अळीच्या 'हॉर्नवर्म' या इंग्रजी नावाला शिंगाळा सुरवंट चालेल?

किनारपट्टी: अहो, शिंगाळा आमच्याकडे ताटात येतो, मासा आहे तो! सुरवंटही नको. अंगावर केस असतील तर सुरवंट, ही गुळगुळीत, म्हणून अळी. सरळ 'शिंगवाली अळी' म्हणा. तिळावर येणाऱ्या आपल्याकडच्या हॉक मॉथच्या, म्हणजे मॅन्डुकाच्याच कुळातल्या पतंगाच्या, अळीलाही तो शब्द लागू पडेल, ती प्रजाती वेगळी असली तरी.

अनुस्वार: 'शिंगवाली'ला अनुमोदन. फक्त ते शिंग डोक्यावर नसतं, शेपटीकडे असतं, एवढं सांगायला हवं. सेक्स्टा म्हणजे सहावी. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६३ मध्ये नाव दिलेल्या या पतंगाच्या पोटावर पिवळ्या ठिपक्यांच्या साधारण सहा जोड्या असतात. तिची बहीण क्विंक्वेमॅक्युलाटा, म्हणजे पाच ठिपक्यांची. अळ्या ओळखायच्या तर सेक्स्टाच्या अंगावर तिरक्या पांढऱ्या रेघा आणि लालसर शिंग, दुसरीच्या अंगावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खुणा आणि काळपट शिंग. टोमॅटोचं झाड दोघीही सारख्याच भक्तिभावाने संपवतात.