बेरींचा गुण रंगात की चोथ्यात?

कोरडाठाक (धागाकर्ता)

बेरींमधल्या रंगद्रव्यांचं, म्हणजे अँथोसायनिनचं, कौतुक हाताबाहेर गेलंय. बेरी जरूर खाव्यात, पण श्रेय रंगाला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं. या कौतुकाचा पाया होता ‘ओरॅक’ हा आकडा: परीक्षानळीत फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे चंचल रेणू) निष्प्रभ करण्याची क्षमता. अमेरिकेच्या कृषी खात्याने ती यादी २०१२ मध्ये मागे घेतली. नळीतल्या आकड्यावरून शरीरातला परिणाम कळत नाही, आणि जाहिरातवाले तो सर्रास वापरत सुटले होते. फळं खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते हे खरं, पण त्यातला मोठा वाटा फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक ॲसिडचा असतो! हे डबीवर कोण छापणार? आणि अँथोसायनिन मूळ रूपात रक्तात पोचतं ते जेमतेम एखाद-दोन टक्के.

उरतं काय? १०० ग्रॅम रास्पबेरीत साडेसहा ग्रॅम तंतू आणि ५२ कॅलरी. तेवढ्याच स्ट्रॉबेरीत साठेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. गोडधोडाऐवजी हे पोटात गेलं तर फायदा होणारच.

रेणूसूत्र

ओरॅकबद्दल सहमत, निष्कर्षाशी साफ असहमत. ‘एखाद-दोन टक्के’ हा आकडा चुकीची गोष्ट मोजतो. अँथोसायनिन मूळ रूपात टिकतच नाही; आतड्यातले जिवाणू आणि यकृत त्याचे तुकडे करतात, आणि रक्तात फिरतात ते हे तुकडे: प्रोटोकॅटेच्युइक आम्ल, व्हॅनिलिक आम्ल, हिप्युरिक आम्ल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ पुरुषांना कार्बन-१३ ची (माग काढता येणाऱ्या जड कार्बनची) खूण असलेलं ५०० मिलिग्रॅम सायनिडिन ग्लुकोसाइड, म्हणजे एक अँथोसायनिन, दिलं. लघवी आणि श्वास यांतून मिळून १२ टक्क्यांच्या वर खूण सापडली, आणि काही तुकडे ४८ तासांनंतरही मिळत होते. हे तुकडे रॅडिकल पकडत बसत नाहीत. रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त उपलब्ध होतं, त्यामुळे वाहिनी सैलावते, असं आज मानलं जातं.

याची माणसांवर चाचणी झालीय. २०१९ चा प्रयोग: मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी यांतलं बरंच काही एकत्र वाढलेलं) असलेले ११५ जण, सहा महिने, रोज २६ ग्रॅम फ्रीझ-ड्राय ब्लूबेरी पूड (सुमारे १५० ग्रॅम ताज्या फळाएवढी, अँथोसायनिन ३६४ मिलिग्रॅम) किंवा तशीच दिसणारी जांभळी खोटी पूड. हाताला पट्टा आवळून रक्त अडवायचं, सोडायचं आणि दंडाची धमनी किती रुंदावते ते अल्ट्रासाऊंडवर मोजायचं. खऱ्या पुडीच्या गटात ते १.४५ टक्के बिंदूंनी सुधारलं.

कोरडाठाक

त्याच प्रयोगातलं पुढचं वाचा ना. इन्शुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणं) हा मुख्य निकष होता, तिथे फरक शून्य. रक्तदाब तिथेच. अर्ध्या मात्रेने, म्हणजे ७५ ग्रॅमने, धमनीतही काही हललं नाही. पैशात ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचा वाटा होता. आणि धमनी रुंदावण्यावरून ‘हृदयविकार १५ टक्क्यांनी कमी’ असे मथळे आले, ते निव्वळ गणित होतं. हार्ट अटॅक कुणी मोजले नव्हते.

रेणूसूत्र

पैशाचा मुद्दा रास्त, पण त्याने मोजणी आपोआप खोटी ठरत नाही. अर्ध्या मात्रेचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे: सकाळच्या दह्यावर टाकलेल्या आठ-दहा बेरींकडून अपेक्षाच ठेवू नये. हार्ट अटॅक मोजलेला अभ्यासही आहे. अमेरिकेतल्या ९३,६०० परिचारिका, १८ वर्षं; सर्वाधिक अँथोसायनिन घेणाऱ्यांत अटॅकचं प्रमाण सर्वात कमी घेणाऱ्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी. तो निरीक्षणात्मक आहे, बेरी खाणाऱ्या बायका एरवीही तब्येत जपतात, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. वय, व्यायाम, धूम्रपान यांचा हिशेब लावूनही फरक उरला होता.

उकळपट्टी

दोघंही भांडताय त्या द्रव्यावर, जे अर्ध्या स्वयंपाकघरांत खाण्याआधीच संपतं. ब्लूबेरीचा गर फिका असतो, रंग सालीत. म्हणून रस गाळलात की मोठा साठा चोथ्यात जातो. गोठवलेली बेरी चांगली टिकते, पण गोठताना पेशी फुटतात. वितळल्यावर वाटीत सुटलेलं जांभळं पाणी ओतून देऊ नका, माल त्यातच आहे. शिजवायची तर झटपट. थोडी उष्णता फळातलं रंग मारणारं एन्झाइम बंद पाडते, हे चांगलंच. पण तासभर आटवलं की रंगद्रव्यच मोडतं. जॅम बंद बाटलीतही बाहेर ठेवला की महिन्यागणिक तपकिरी होत जातो. फ्रिजमध्ये वेग मंदावतो. केकमध्ये खाण्याचा सोडा जास्त झाला की बेरीभोवती हिरवट-निळं वर्तुळ दिसतं: अल्कली लागली. लिंबू पिळलं की लाली परतते, पण मोडलेलं परत येत नाही.

स्मूदीत केळं घालणाऱ्यांसाठी: २०२३ च्या एका छोट्या प्रयोगात केळ्यातल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे रक्तातली फ्लॅव्हनॉलची (अँथोसायनिनच्याच कुळातल्या दुसऱ्या द्रव्यांची) पातळी ८४ टक्क्यांनी कमी भरली. मोजलं होतं फ्लॅव्हनॉल, अँथोसायनिन नव्हे, तरी केळं वेगळं खायला काय जातं?

गोठवल्याने नोरोव्हायरस किंवा हिपॅटायटिस ए चा विषाणू मरत नाही. आजारी माणसाला देताना गोठवलेल्या बेरी एक मिनिट खळखळून उकळा. कच्च्या एल्डरबेरीत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, त्या कधीच कच्च्या खाऊ नयेत.

मूत्रमार्गी

क्रॅनबेरी कुणी काढलीच नाही! तिथे गुण रंगाचा नाही, ए-प्रकारच्या प्रोअँथोसायनिडिन या वेगळ्या द्रव्याचा मानला जातो, ई. कोलाय जिवाणूला मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू न देण्याचा. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ठोस फायदा दिसला नव्हता. २०२३ च्या आढाव्यात, ५० अभ्यासांच्या आधारे, वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांत धोका सुमारे २६ टक्क्यांनी आणि मुलांत ५४ टक्क्यांनी कमी. वृद्धाश्रमातले वृद्ध आणि गर्भवती यांच्यात फायदा दिसला नाही. हे सगळं प्रतिबंधाचं. लघवीला जळजळ सुरू झाल्यावर रस पीत बसू नका, तपासणी करून औषध घ्या. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोरडाठाक

क्रॅनबेरी मान्य. पण ती माझ्या शीर्षकातल्या रंगाची केस नाही, हे तुम्हीच म्हणालात.

कॅप्सूलचं काय? बिलबेरी (ब्लूबेरीची युरोपी बहीण) अर्कावर ‘२५ टक्के’ लिहितात ते बहुधा अँथोसायनिडिन, म्हणजे साखरेचा भाग वगळलेलं अँथोसायनिन, आणि तोच अर्क अँथोसायनिन म्हणून मोजला की ३६ टक्के.

रेणूसूत्र

कॅप्सूलला माझाही विरोध. नुसता रंग यंत्रावर मोजून टक्के काढले तर कुठलाही गडद रंग मापात बसतो. २००६ मध्ये बिलबेरी अर्कात ॲमरँथ हा कृत्रिम लाल रंग मिसळलेला पकडला गेला तो असाच. एचपीएलसी या, मिश्रणातला एकेक घटक वेगळा करून मोजणाऱ्या, यंत्रावर घटक वेगळे केले तेव्हा उघड झालं. घ्यायचीच असेल तर चाचणी एचपीएलसीने केलीय का, एवढं लेबलवर शोधा. नाहीतर फळ खा, सालीसकट.