अनुकरणापलीकडचा पेहराव

विद्यापीठातील वर्षांत पेहराव बदलतो तो निव्वळ मित्रमंडळींच्या अनुकरणातून, हे मत मला अर्धेच पटते. चारचौघांसारखे दिसावे आणि तरीही उठून दिसावे, अशा दोन्ही ओढी फॅशनमध्ये एकाच वेळी असतात, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ मध्येच मांडले होते. पहिल्या वर्षी त्यांतली पहिली वरचढ असते, एवढेच. पुढे मात्र बरेच जण आपले कपडे स्वतः धुऊ लागतात, आणि माझ्या मते शैलीला खरे वळण तिथे लागते. गडद रंगाचा नवा टी-शर्ट पांढऱ्या शर्टासोबत भिजत घातला की काय होते, सुती कापड वाळल्यावर किती चुरगळते, सॅकचा पट्टा घासून स्वेटरच्या खांद्यावर गोळे कसे धरतात, हे एकदा कळले की खरेदीची नजरच बदलते. प्रयोगशाळेत जाणाऱ्यांचे तर विचारूच नका: तिथे सैल बाह्या आणि उघडी पादत्राणे चालत नाहीत, शिवाय पेटलेले पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, त्यामुळे त्यांच्या कपाटात सुती कपडे आपसूक वाढतात. शेवटच्या वर्षी मुलाखतीसाठी घेतलेला फॉर्मल शर्ट आधी परका वाटतो खरा, पण महिन्याभरात तोच बाह्या दुमडून जीन्सवर सर्रास घातला जातो.