गव्हाच्या घरघंटीत ग्लुटेनमुक्त पीठ दळता येईल का? सल्ला हवा

ओसरी:
मोठ्या मुलाला गेल्या महिन्यात सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) निघाला. घरात सहा वर्षं वापरातली घरघंटी आहे, आजवर बहुतेक गहूच दळलाय. आता त्याच्यासाठी ज्वारी, तांदूळ, राजगिरा दळायचाय. जाळ्या धुतल्या, आतून ब्रशने झाडलं, कापडी पिशवी नवी आणली. एवढ्याने भागेल? बाकी आम्हा तिघांचा गहू चालूच आहे.

जात्यावरची:
आम्ही भाच्यासाठी आधी दोन वाट्या तांदूळ दळून ते पीठ टाकून देतो, मग खरं दळण घालतो. दोन वर्षं झाली, काही त्रास नाही.

पाखड:
जात्यावरची, रागावू नका, पण सिलिअ‍ॅक असलेल्या घरी हा उपाय नको. पोट अजिबात न दुखताही आतड्याची नासधूस चालू राहू शकते, त्यामुळे ‘त्रास नाही’ याला अर्थ नाही.

ओसरी, जरा हिशोब मांडून बघा. ग्लुटेनमुक्त म्हणायची बहुतेक ठिकाणची मर्यादा 20 पीपीएम, म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेन. गव्हाच्या पिठात ते साधारण 8 ते 10 टक्के असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ गेलं की संपलं. चिमूटभरसुद्धा नाही हो! तेवढं तर झाकणाच्या रबरात अडकलेलं असतं. पहिल्या दळणाबरोबर बरंच निघून जातं हे खरं, पण उरलेलं कधी सुटेल याचा भरवसा नाही. चौथ्या दळणाला हादऱ्याने एखादी खपली पडायची.

ओसरी:
बाप रे. मग उकळतं पाणी, सॅनिटायझर वगैरे?

पाखड:
ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे, प्रथिन. ते मारता येत नाही, भाजून-उकळूनही जात नाही. काढूनच टाकावं लागतं, आणि फटीतल्या पिठाला पाणी लागलं की त्याची खळ होऊन बसते. दगडी घंटी असेल तर विषयच संपला. मुलासाठी वेगळी घ्या, कोरी. वापरलेली स्वस्तात मिळाली तरी नको.

चाळणचोर:
आम्ही वेगळी घंटी घेऊनही लेकीच्या रक्तातलं टीटीजी (सिलिअ‍ॅकच्या तपासणीत मोजतात ती प्रतिपिंडं) उतरेना. कारण धान्यातच होतं. ज्वारी सुटी घेत होतो, आणि मोजणारं माप तेच गव्हाच्या पोत्यातही जायचं. गव्हाचा एक दाणा 40 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्यात जवळपास 4 मिलिग्रॅम ग्लुटेन. किलोत पाच दाणे आले की पाखड यांचा हिशोब पूर्ण! आता बंद पाकीट, शक्यतो ग्लुटेनमुक्त लिहिलेलं, आणि तरीही ताटात पसरून मूठमूठ निवडते. राजगिऱ्याला बारीक चाळणी लावली की गहू वर राहतो. तांदळाला मात्र डोळेच हवेत.

आणखी एक, दोन्ही घंट्या एका खोलीत ठेवू नका. गव्हाचं पीठ हवेत तासन्‌तास तरंगतं आणि मग निवांत नव्या घंटीवर येऊन बसतं.

ओसरी:
मग सरळ ठरवलंच. जुनी घंटी देऊन टाकते, नवी येईल ती फक्त ग्लुटेनमुक्त. चाळणी, सूप, डबेही नवे. उद्यापासून घरात कुणालाच गहू नाही.

पाखड:
उत्तम, पण उद्यापासून नको! आधी तुम्ही दोघं आणि धाकट्याची रक्ततपासणी करून घ्या. सिलिअ‍ॅक घराण्यात चालतो, आणि गहू बंद केल्यावर तपासणी खोटीच चांगली येऊ शकते. निकाल येईपर्यंत तुमचा गहू राहू दे, फक्त दळण बाहेरून आणा आणि डबा वेगळ्या कपाटात ठेवा.

ओसरी:
हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारीच तिघं जातो.

जात्यावरची:
मीही भाच्याची तपासणी परत करून घ्यायला सांगते. घंटीचं नंतर बघू.