जुन्या रॅलेचं मूळ वजन, वर्ष आणि मापं कशी काढायची? (सोलापूर)

कडक_भाकरी
दांड्याची काळी सायकल आहे, इथल्याच एका वाड्यातून आलेली. रॉड ब्रेक, फुल चेनकव्हर, लोखंडी कॅरिअर, डबल स्टँड. पुढच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं आणि रॅले. मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) तीन गिअर, पण गिअरची बारीक साखळी तुटलेली. सीटखालच्या जोडावर नंबर आहे, निम्मा रंगात बुडालाय. प्रदर्शनाच्या फॉर्मवर रकाने आहेत: बनावटीचं वर्ष, साइज, मूळ वजन. नव्या पेठेत विचारलं तर "२४ इंची" म्हणाले, पण टायरवर २८ लिहिलंय! वजन नेटवर एकीकडे १६ किलो, दुसरीकडे २२. खरं काय धरायचं? टायरही बदलायचेत, उन्हानं पार चिरलेत.

सातरस्ता
दोन्ही बरोबर आहेत. २४ ही फ्रेम, २८ हे चाक. आपल्याकडे लहान मुलांची सायकल चाकावरून ओळखतात आणि मोठ्या माणसाची फ्रेमवरून, तिथं सगळा घोळ होतो. पायडलच्या अॅक्सलच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत टेप धरा. टेप नळीला समांतर हवी, सरळ उभी नको. ६१ सेंमी आली तर २४ इंची, ५६ आली तर २२ इंची. सीटपोस्ट मोजायचा नाही.

टायर घेताना नुसतं "२८" सांगू नका. रॉड ब्रेकच्या गाडीला २८ × १ १/२ लागतो, म्हणजे नव्या आकड्यांत ४०-६३५. यातला ६३५ म्हणजे टायरची कड रिमवर बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. ७००सी या दुसऱ्या मापाच्या टायरवरही कधी २८ छापलेलं असतं, पण त्याचा व्यास ६२२. तेरा मिलिमीटरनं लहान टायर पान्यानं ओढून चढवायला गेलात तर कडेची तार तुटेल, नाहीतर रिम वाकेल. जुन्या टायरवरचे आकडे पुसले असतील तर टायर काढून रिमच्या आत, कड बसते त्या जागी, दोरा गुंडाळा आणि लांबी ३.१४ नं भागा. दोरा १९९५ मिमीच्या आसपास भरला की ६३५ पक्कं.

माळढोक
वर्षाचं बघू. तीन गिअरचं हब स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचं असेल तर काम निम्मं झालं. हबच्या पिंपावर घासलेटाचा फडका फिरवा. पॉलिशपेपर अजिबात नको, ठसा उथळ असतो, घासला की गेला. एडब्ल्यू (हबच्या मॉडेलचं नाव) ही अक्षरं आणि शेजारी आकडे दिसतील. ६८ ११ म्हणजे नोव्हेंबर १९६८.

पण ही तारीख हबची आहे, सायकलची नाही. मागचं चाक बदललेलं असू शकतं. आरे मोजा: इंग्लिश रोडस्टरला (अशा दांड्याच्या रोजच्या गाडीला) पुढे ३२, मागे ४०. मागे ३६ निघाले तर चाक दुसरीकडून आलंय असा संशय घ्यायला जागा आहे.

बिल्ल्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, दोन रिबिटांवर तर बसतो तो. त्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड (रॅलेचा मूळ कारखाना) आहे का बघा. आसनसोलच्या सेन-रॅले या भारतीय कंपनीच्या गाड्याही रॅले नावानंच विकल्या गेल्यात. चेनकव्हर उघडलंत की चेनव्हीलही (पायडलपाशी असलेलं दातेरी चाक) बघून घ्या. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळे कापलेले असतात, हंबर कंपनीच्या चेनव्हीलमध्ये माणसं, रज कंपनीच्यात हाताचा पंजा.

नंबरावरचा रंग खरवडू नका. कापसावर रंग काढायचं द्रावण घेऊन तेवढाच भाग दहा मिनिटं ओला ठेवा, लाकडी काडीनं पुसा, मग कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. नुसत्या नंबरावरून वर्ष छातीठोक सांगणारे भेटतील, त्यांना हबची तारीख दाखवून बघा. पालिकेचा सायकल-परवान्याचा जुना बिल्ला कुठे अडकलेला असला तर जपा. सोलापूरची महानगरपालिका १९६४ मध्ये झाली, त्यामुळे "नगरपालिका" लिहिलेला बिल्ला असेल तर गाडी त्याच्या आधीची. अर्थात बिल्लाही एका गाडीवरून दुसरीवर जातो.

कॅटलॉग हवे असतील तर इंग्लंडच्या व्हेटरन-सायकल क्लबची ऑनलाइन लायब्ररी चाळा. मॉडेलचं नाव तेच राहतं आणि आतला माल वर्षागणिक बदलतो, म्हणून आधी वर्ष, मग कॅटलॉग.

छर्रे_आणि_ग्रीस
वजनावर मी बोलतो, कारण १६ आणि २२ दोन्ही खरे असू शकतात. कंपनीचा आकडा बहुधा सर्वांत लहान फ्रेमचा आणि गाडी हलकी दिसेल असा. कॅरिअर, स्टँड, डायनॅमो, कुलूप, घंटा त्यात धरलेलं नसतं, कधीकधी पायडलसुद्धा नाही. शिवाय आकडा पौंडात असतो, कुणीतरी किलोत घाईनं बदलतो आणि पुढे सगळे तेच उतरवतात. एक पौंड म्हणजे ०.४५४ किलो, ३८ पौंड म्हणजे १७.२ किलो. सगळ्या साजासकट दांड्याची २८ चाकी गाडी २० ते २३ किलो भरते.

म्हणून गाडी स्वतः तोला. ५० किलोचा लटकता डिजिटल काटा तुळईला बांधा. आधी काट्याची परीक्षा: दहा लिटर पाणी भरलेला कॅन टांगा, मग रिकामा टांगा, फरक १० किलो यायला हवा. गाडीला दोर दांड्याला सीटच्या जवळ आणि हॅण्डलच्या गळ्याला, दोन ठिकाणी, नाहीतर पुढचं चाक फिरून आकडा स्थिर होत नाही. लटकता काटा नसेल तर बाथरूमच्या काट्यावर एकेक चाक ठेवून बेरीज करा, पण दुसऱ्या चाकाखाली काट्याएवढीच उंच फळी हवी. कॅरिअर, स्टँड, कुलूप काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेगळं तोला. फॉर्मवर दोन्ही आकडे लिहा: साजासकट इतके, उतरवून इतके. "मूळ वजन" रकान्यात कॅटलॉगचा आकडा टाकलात तर कंसात "कॅटलॉगनुसार" जोडा.

ओव्हरहॉल करणार असाल तर बीबी कप (पायडलच्या अॅक्सलचे छर्रे ज्यात बसतात त्या वाट्या) दुकानातून आणून ठोकू नका. रॅलेचे आटे इंचाला २६, बाजारातल्या कपांचे २४. एक-दोन आटे फिरतो, मग अडतो, आणि लांब पान्यानं रेटला की फ्रेमचे आटेच जातात. जुना कप धुऊन परत बसवा, छर्रे नवे घाला: पाव इंची, दर बाजूला ११.

कडक_भाकरी
घासलेटानं पुसलं. एडब्ल्यू, ५६ ९. आरे ४० आणि ३२. फ्रेम ६१ सेंमी. साजासकट २१.६ किलो, कॅरिअर-स्टँड-कुलूप उतरवून १८.९. बिल्ल्यावर नॉटिंगहॅम आहे. गिअरची साखळी कोणतीही चालेल का?

माळढोक
मग "हब सप्टेंबर १९५६, सायकल त्याच सुमाराची" असं लिहा. १९५६ एवढंच लिहिलंत तर कुणीतरी पुरावा मागेल.

साखळी कोणतीही चालत नाही. टोकाची काडी अॅक्सलच्या लांबीप्रमाणे असते, म्हणून जुना तुकडा सोबत घेऊन जा. आत हातानं फिरवून पूर्ण बसवा आणि अर्धा फेरा मागे घ्या, आवळू नका. मग लिव्हर दुसऱ्या गिअरवर ठेवून उजव्या नटच्या खिडकीतून बघा: काडीचा खांदा अॅक्सलच्या टोकाशी अगदी सपाट दिसायला हवा. सैल राहिली तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे पायडल मोकळं फिरतं, आणि उभं राहून पायडल मारणारा थेट दांड्यावर आपटतो. हबच्या भोकातून पातळ तेल चमचाभर घाला, ग्रीस नको, आतले कुत्रे (दात्यांत अडकणारे खटके) चिकटून बसतात.