खाली केलेल्या गाडीला पुढे रुंद चाकं बसवायचीत, घासायलेत. मदत हवी आहे (अर्जंट)

विजापूररोडवाला
मागं रुंद चाकं टाकली, एक नंबर बसली. तीच पुढं टाकली की घासायलेत. गाडी खाली केलेली (उंची कमी केलेली) आहे. स्पेसर (चाक बाहेर सरकवायला मागं बसवायची जाड चकती) टाकू की मडगार्ड ठोकून घेऊ, एवढंच सांगा. गड्ड्याच्या यात्रेआधी (आमची सोलापूरची) गाडी रस्त्यावर पाहिजे. 'चांगल्या गॅरेजला दाखवा' असं कृपया लिहू नका, दोघांना दाखवली, दोघांनी दोन तऱ्हा सांगितल्या.

चाकोरी
गाडी कुठली ते लिहायचं राहिलं का?

विजापूररोडवाला
फियाट. पद्मिनी, ८६ ची. खाली केलेली जुनी गाडी म्हटल्यावर अजून काय असणार.

अँबीप्रेमी
अँबेसिडर असणार! आमच्या गाडीला पुढं टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आहे. बारचे दाते सरकवून बसवले की गाडी खाली येते, कापाकापी नाही. फियाटवाल्यांना हे सुख नाही.

आटेपाना
स्पेसरबद्दल नंतर बोलू. आधी हे सांगा: रिम किती रुंद, टायरचा साइज काय, रिमवर ईटी (ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून बोल्टच्या बैठकीचं अंतर) म्हणून काही आकडा कोरलाय का, गाडी खाली कशी केली, आणि घासतंय नेमकं कुठं. आतून की बाहेरून? फुल कट मारल्यावर (स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर) की खड्ड्यात?

विजापूररोडवाला
टायर १८५/६० आर १४, रिम सहा इंची मॅग व्हील (अलॉयचं चाक). खाली कशी केली म्हणजे? स्प्रिंगचे दोन राउंड कापले, सगळे करतात तसं. घासतंय चाकाला, अजून कुठं घासणार ओ.

लोखंडी_हात
मालक, २० मिमीचा स्पेसर टाका आणि विषय संपवा. माझ्या गाडीला आहे, पंढरपूर जाऊन येऊन करतो, काय होत नाही.

रिटायर्ड फोरमन
काय होत नाही हे होईपर्यंतच खरं असतं. स्पेसर टाकल्यावर नट किंवा बोल्ट हाताने फिरवून किती आटे धरतो ते मोजलंय का? बोल्टच्या १२ मिमी जाडीला दीडचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) असेल तर निदान आठ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. २० मिमी मध्ये घातल्यावर मूळच्या लांबीत ते बसतील असं वाटत नाही. शिवाय चाक बाहेर गेलं की किंगपिनच्या (ज्या खिळीभोवती पुढचं चाक वळतं तिच्या) रेषेपासून टायरचा मध्य लांब जातो. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. प्रत्येक खड्डा तुमच्या मनगटाला कळणार आणि बेअरिंगवरचा ताण वाढणार तो वेगळाच.

लोखंडी_हात
काका, लांब बोल्ट मिळतात बाजारात. पुस्तकी बोलू नका.

रिटायर्ड फोरमन
मिळतात. तुम्ही टाकलेत का, ते विचारतोय.

शांत_हायवे
कार्बुरेटरचा मेन जेट बदलून बघा, ॲव्हरेज नक्की वाढेल.

विजापूररोडवाला
ॲव्हरेज कुणी विचारलं बे?

नियमानेच
रागावू नका, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. आणि गाडी पुढे कधी विंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात राखलेली लागते. ८६ ची गाडी २०३६ ला तिथं पोचेल. कापलेले स्प्रिंग तेव्हा कुठून आणणार?

विजापूररोडवाला
२०३६ चं २०३६ ला बघू.

आटेपाना
मागं बसली म्हणून पुढं बसतील हा हिशोबच लागू नाही. मागचं चाक वळत नाही, पाट्यांवर सरळ वरखाली होतं. पुढचं चाक वळताना टायरचे कोपरे फिरतात, त्यांना आत-बाहेर दोन्हीकडं जागा लागते. ऑफसेट तोच ठेवून रिम एक इंच रुंद केला तर १२.७ मिमी आत सरकतो आणि तेवढाच बाहेर. तुमचा ऑफसेट तोच आहे का, हेच कुणाला माहीत नाही. म्हणून मोजा. रिम पालथा ठेवा, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका, पट्टीपासून बोल्टच्या बैठकीपर्यंत अंतर घ्या. जुन्या डिस्कचंही (मूळच्या पत्र्याच्या चाकाचंही) घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे चाक आत किती गेलं ते.
आणि १८५/६० चा पूर्ण व्यास ५७८ मिमी, जुन्या मापाजवळच्या १५५/८० चा ६०४. म्हणजे टायरमुळेच गाडी अजून १३ मिमी खाली बसली, वर कापलेले राउंड. स्पीडोमीटरही चारेक टक्के जास्त दाखवणार.

अँबीप्रेमी
मॅग व्हीलचे बोल्ट जुळतात ना? ९८ आणि १०० च्या पीसीडीत (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाच्या व्यासात) फक्त दोन मिलिमीटरचा फरक. १०० चं चाक ९८ ला जोर लावून बसतं, मग सुटतं.

विजापूररोडवाला
पीसीडी बरोबर आहे, दुकानदाराने मोजून दिलंय. काल रात्री बघितलं. फुल कट मारला की आतून आर्मजवळ (चाक धरणाऱ्या सस्पेंशनच्या दांड्याजवळ) घासतंय. स्पीडब्रेकरवर बाहेरून मडगार्डच्या आतल्या कडेला लागतंय. रिम जुन्या डिस्कपेक्षा १६ मिमी आत आहे.

आटेपाना
झालं की मग. दोन्हीकडून घासतंय म्हणजे स्पेसरने आतलं थांबेल आणि बाहेरचं वाढेल.

लोखंडी_हात
म्हणून स्पेसर टाकायचा आणि कड आत ठोकून घ्यायची. दोन्ही.

लांबीपुट्टी
डेंटिंगवाला बोलतोय. त्या वयाच्या मडगार्डची कड म्हणजे पत्रा कमी, लांबी (भरलेली पुट्टी) जास्त. नुसती हातोडी मारली तर लांबीचे पापुद्रे सुटतील. आधी हीट गनने गरम करून हळूहळू रोल करावी लागते, तरी रंग तडकला तर आम्हाला बोलायचं नाही. आतून गंज असेल तर हातच लावू नका.

रिटायर्ड फोरमन
स्प्रिंग गॅसने कापलं की ग्राइंडरने? गॅसने कापलं असेल तर टोकाचा ताव (पोलादाचा कडकपणा) गेलाय, गाडी अजून बसणार. मग आज मोजलेलं महिनाभराने खोटं.

विजापूररोडवाला
बहुतेक गॅस. त्याच्याकडं गॅसच होता.

रिटायर्ड फोरमन
मग आधी स्प्रिंग. नवीन जोडी घ्या आणि कापायचीच असेल तर ग्राइंडरने एकच राउंड, पाणी मारत. चाकांचं नंतर.

आटेपाना
आणि स्प्रिंग बाहेर असेल तेव्हाच खरी तपासणी होते. चेसिसखाली स्टँड लावा, स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर वापरा, दाबलेलं स्प्रिंग उडालं तर दवाखाना. मग चाक बसवून खालच्या आर्मखाली जॅक लावा, बंप रबर (सस्पेंशनला शेवटी थांबवणारं रबर) टेकेपर्यंत हळूहळू उचला आणि दर टप्प्याला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कडेला पोरांची चिकणमाती चिकटवा, कुठं किती दाबली जाते ते दिसतं. माझा अंदाज, सहा इंची पुढं चालणार नाही. पाच इंची रिम आणि १७५/६५ घ्या, व्यास ५८३ येतो. मागं सहा राहू दे.

विजापूररोडवाला
पुढं बारीक मागं रुंद? ट्रॅक्टर वाटेल की.

अँबीप्रेमी
ट्रॅक्टर तरी घासत नाही.

चाकोरी
विषयाबाहेर: पार्क चौकाकडं गड्ड्याच्या वेळी गाडी लावायला जागा मिळते का? गर्दीत खाली केलेली गाडी काढणं अवघड.

लांबीपुट्टी
मिळत नाही. सात रस्त्याकडं लावा आणि चालत जा.

विजापूररोडवाला
स्प्रिंगची जोडी सांगितली. रविवारी जॅकवर घेऊन चिकणमाती लावतो, फोटो टाकतो. पण सहा इंची मी सोडत नाही, आधीच सांगतो.

लोखंडी_हात
फोटोत बसले नाहीत तर मॅग व्हील मला द्या. स्पेसर माझ्याकडं आहेत.