व्हीपीएन जोडला जातो, पण जर्नल उघडत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पीएचडी करते आहे आणि सध्या लातूरला घरी आहे. विद्यापीठाने वर्गणी भरलेली जर्नल्स घरून वाचता यावीत म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर (विंडोज ११) ओपनव्हीपीएन (विद्यापीठाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, म्हणजे व्हीपीएन, करून देणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि संगणक केंद्राने दिलेली प्रोफाइल फाइल (जोडणीच्या सेटिंग्जची) इम्पोर्ट केली. लॉगिन, ओटीपी सगळं सुरळीत होतं, आयकॉन हिरवा होतो. विद्यापीठाचं अंतर्गत पोर्टलही उघडतं.

पण जर्नलच्या साइटवर गेलं की लेखाचे पैसे मागतात. व्हीपीएन चालू असताना आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) तपासला, तर घरच्या ब्रॉडबँडचाच दिसतो! प्रकाशक बहुतेकदा आयपीवरूनच वर्गणीदार संस्था ओळखतात. म्हणजे फक्त विद्यापीठाच्या अंतर्गत पत्त्यांची वाहतूक व्हीपीएनमधून जाते, बाकीची थेट बाहेर, असं मला वाटतंय.

फाइलमध्ये 'रीडायरेक्ट-गेटवे डेफ१' ही ओळ घातली तर सगळी वाहतूक तिकडून जाईल ना? की सर्व्हरवर तशी सोय नसेल तर नेटच बंद पडेल? फक्त जर्नलचे पत्ते तिकडे वळवता येतात का?

कृपया चोरट्या डाउनलोड साइट सुचवू नका. ग्रंथालयाच्या हक्काच्या वाटेनेच वाचायचं आहे, आणि प्रबंधाचं काम त्यावाचून अडलंय. कोणी हे केलं असेल तर नक्की सांगा.