अनुभव धागा: प्रेअरीतली तळी, तंबू आणि वारा

कॅनडातल्या प्रेअरीत, म्हणजे सपाट गवताळ माळांच्या मुलखात, सास्काटूनला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. यंदा जुलैत मुलांना (वय ७ आणि ४) घेऊन तळ्याकाठी तंबूत तीन रात्री राहायचं ठरवलंय. पुण्यात असताना पवनेच्या काठी दोनदा राहिलो होतो, पण तिथे तंबू उभारलेला मिळायचा आणि जेवणही हातात यायचं. इथे मिळते ती फक्त जागा: सपाट तुकडा, लाकडी टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं. बाकी सगळं आपण न्यायचं. सास्कॅचवान, मॅनिटोबा, आल्बर्टा, ज्या प्रांतात आहात तिथून लिहा. कोणतं तळं निवडलंत, जागा कशी ठरवलीत, काय चुकलं? सामानाच्या याद्या पुष्कळ मिळतात, मला घडलेलं ऐकायचंय.

*

सास्काटूनहूनच

ताई, मी डिफेनबेकर तळ्यापासून सुरुवात करते, कारण तुम्हाला तेच जवळ पडेल. हे मूळचं तळं नव्हे. साउथ सास्कॅचवान नदीवर गार्डिनर धरण झालं, १९६७ साली, आणि त्यामागे सव्वादोनशे किलोमीटर लांब पाणी साठलं. उजनीचा फुगवटा पाहिला असेल तर चित्र डोळ्यांसमोर येईल. दोन्हीकडे उघडा माळ, मध्ये पाणी, वाऱ्याला अडवायला काही म्हणून नाही.

आम्ही नकाशात पाण्याला अगदी लागून असलेली जागा पाहून आरक्षण केलं. पोचलो तेव्हा पान हलत नव्हतं. रात्री साडेअकराला पश्चिमेकडून वारा सुटला. तंबूबरोबर आलेल्या मेखा म्हणजे वाकवलेल्या तारा, वाळूतून एकेक करत सगळ्या उपसून आल्या. मी आतून खांब धरून बसले, नवरा बाहेर अंधारात दोर गाडीला बांधत होता आणि थोरली रडत होती. शेवटी मुलांना गाडीत निजवलं आणि आम्ही दोघं ओल्या तंबूवर दगड ठेवत बसलो.

पहाटे पाचच्या आत उजाडलं. शेजारच्या जागेवरचे आजोबा कॉफी घेऊन आले आणि काही न बोलता गुडघ्यांवर बसून दाखवायला लागले. कापडी पिशवीत वाळू भरायची, तिच्या गळ्याला तंबूचा दोर बांधायचा आणि हातभर खड्डा करून पिशवी आडवी पुरायची. वर पायाने वाळू दाबायची. मग त्यांनी मला दोर ओढायला सांगितला. सगळा भार टाकला तरी हलेना! तेव्हापासून चार रिकाम्या पिशव्या आमच्या तंबूच्या गुंडाळीतच असतात.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: पाण्याला लागून असलेल्या जागेचा मोह सोडा. पश्चिमेला आणि वायव्येला झाडी आहे का ते आधी बघा. इथली वादळं बहुतेक तिकडूनच येतात. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतून पाण्यापर्यंत चालत जायला पाच मिनिटं लागतात, तेवढी लागू द्या.

*

विनिपेग

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे वारा तळंच हलवतो. विनिपेग तळं अवाढव्य आहे, पण सरासरी खोली साधारण १२ मीटरच. उत्तरेचा वारा दिवसभर वाहिला की पाणी दक्षिण टोकाकडे ढकललं जातं आणि किनारा आत सरकतो. ग्रँड बीचला सकाळी जिथे चटई अंथरली होती तिथे दुपारी पाणी होतं. चपला वाहून गेल्या. पांढरी वाळू आणि मागे वाळूच्या टेकड्या, जागा फार सुंदर आहे. लहान मुलांना उथळ पाणी बरं पडतं.

पण पाण्याकडे बघून उतरा. उन्हाळा सरताना निळं-हिरवं शेवाळ येतं, पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखं दिसतं. तसं दिसलं तर मुलांना पाण्यात सोडू नका आणि कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नका. उकळून त्यातलं विष जात नाही.

दुसरं म्हणजे खाज. कोमट, उथळ तळ्यात गोगलगायींमधून सुटणारे सूक्ष्म जीव अंगाला चिकटतात आणि पुरळ उठतं. धाकट्याच्या पोटऱ्यांवर चाळीसेक लाल ठिपके मोजले होते मी. आता आम्ही पाण्यातून बाहेर येताच, अंगावर थेंब सुकायच्या आत, टॉवेलने खसखसून पुसतो. त्यानंतर त्रास नाही.

*

प्रिन्स अल्बर्ट

आमचं तळं वास्कसू, राष्ट्रीय उद्यानातलं. सास्काटूनहून सव्वादोनशे किलोमीटर. इथे माळ संपून जंगल लागतं, त्यामुळे वाऱ्याची चिंता कमी, अस्वलाची जास्त.

पहिल्या वर्षी आईने दिलेल्या पद्धतीने खिचडी केली. वर तुपात लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी. जेवून भांडी टेबलावर तशीच ठेवली, सकाळी घासू म्हणून. रात्री दहाला फेरीवर आलेल्या रक्षक बाई थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, वासाची प्रत्येक वस्तू आत्ता गाडीत. कूलर, तेलाची बाटली, टूथपेस्ट, खरकटं पाणीसुद्धा. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की अस्वल परत परत येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं. त्या उघड्या टेबलाने एखाद्या जनावराचा जीव गेला असता.

आता फोडणी घरीच करून बाटलीत नेतो. तिथे फक्त गरम भातावर घालायची. भांडी जेवल्या जेवल्या घासायची आणि पाणी ठरवून दिलेल्या मोरीतच ओतायचं.

*

रेजायना

थोडक्यात लिहितो. माझे आई-बाबा सांगलीहून आले होते, आईचे गुडघे दुखरे. आम्ही तळ्याचं दृश्य बघून जागा घेतली आणि स्वच्छतागृह निघालं साडेतीनशे पावलांवर. रात्री तीनदा मी तिला टॉर्च धरून नेलं. ती एका शब्दाने बोलली नाही, पण तिने संध्याकाळपासून पाणी प्यायचंच सोडलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर नकाशात पहिलं तेच मोजा. राष्ट्रीय उद्यानांत लाकडी जमिनीची, आत पलंग असलेली तंबूघरंही मिळतात. पुढच्या खेपेला रायडिंग माउंटनला तसंच घेतलं, आई खूश होती.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आरक्षण कधी करायचं आणि लाकडं घरून न्यायची का?

*

सास्काटून (वरचीच)

राष्ट्रीय उद्यानांचं आरक्षण हिवाळ्यातच उघडतं, बाहेर बर्फ असताना. प्रांताच्या उद्यानांचं वसंतात, वेगवेगळ्या उद्यानांचं वेगवेगळ्या दिवशी. जुलैचे शनिवार-रविवार भराभर जातात. रविवार ते बुधवार चालत असेल तर अजूनही जागा मिळेल, आणि शांतताही.

लाकडं अजिबात नेऊ नका, तिथेच घ्या. सरपणातून झाडांचे रोग आणि कीड पसरते. एल्म झाडाचं लाकूड इकडून तिकडे नेणं सास्कॅचवान आणि मॅनिटोबा दोन्ही प्रांतांत बेकायदा आहे. आणि शेकोटीवर स्वयंपाकाची भिस्त ठेवू नका. २०२५च्या मे अखेरीस वणव्यांमुळे सास्कॅचवान आणि मॅनिटोबा दोन्हीकडे आणीबाणी जाहीर झाली होती. कोरड्या वर्षी शेकोटीवर बंदी येतेच. गॅसची छोटी शेगडी हवीच.

*

मेडिसिन हॅट

सायप्रस हिल्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सपाट माळावर अचानक डोंगर, पाइनची झाडी आणि एल्कवॉटर तळं. उंचीमुळे जुलैतही रात्री कुडकुडायला होतं. दिवसाचं ऊन बघून आम्ही पातळ गोधड्या नेल्या आणि चौघं एकाला एक चिकटून झोपलो. थंडी खालून येते, जमिनीतून. अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा पाठीखाली जाड चटई घाला.

तुमच्या चार वर्षांच्या बाळासाठी एक: जूनअखेर-जुलैत सास्काटूनकडे साडेनऊपर्यंत सूर्य असतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड. मुलं झोपत नाहीत. तंबूवर आतून गडद चादर लावा. मोठीला मात्र एका रात्री मुद्दाम उठवा. सायप्रस हिल्सला दिव्यांवर बंधनं असलेलं राखीव आकाश आहे. माझ्या लेकीने आकाशगंगा पहिल्यांदा पाहिली ती इथे, उघड्या डोळ्यांनी.

*

ब्रँडन

माझं मत जरा वेगळं. जुलै सोडा, सप्टेंबरात या. डास गेलेले असतात, गर्दी नसते. मे-जूनमध्ये आम्ही रोज संध्याकाळी मुलांच्या कानामागे आणि केसांत गोचिड्या शोधायचो, तो त्रासही तेव्हा कमी असतो, पण पूर्ण संपत नाही. रायडिंग माउंटनच्या क्लिअर लेकला पाणी तेव्हा गार असतं, पण पोहण्यासाठी जायचंच नसतं. पहाटे तंबूत पडल्या पडल्या एल्क या मोठ्या हरणाच्या नराची साद ऐकू येते. खालून सुरू होऊन उंच शिट्टीसारखी चढत जाते आणि शेवटी घोगरी होऊन तुटते. माझा मुलगा पहिल्यांदा घाबरून कुशीत शिरला, दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच उठून वाट बघत बसला.

त्या दिवसांत नर बिथरलेले असतात. तंबूची चेन उघडल्यावर लगेच बाहेर पाऊल टाकू नका, आधी टॉर्च चारी बाजूंना फिरवा.